टॅप आज मोडतो, चूक कालची असते

धातूकामातली चूक जिथे होते तिथे बहुधा दिसत नाही. कानस मारताना राहिलेला बाक भोक पाडताना कळतो, भोकाचा कल आटे पाडताना कळतो, आणि मग टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मोडला की नवशिका टॅपला नावं ठेवतो. म्हणून ही नोंद उलट्या क्रमाने आहे: मोडक्या टॅपपासून मागे मागे जात कच्च्या मालापर्यंत.

उदाहरणाला एकच वस्तू घेऊ, टूलमेकर्स क्लॅम्प, म्हणजे दोन स्क्रूंनी तुकडे घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा. १२ मि.मी. चौरस ब्राइट बारचे (गुळगुळीत, चकचकीत पोलादी बारचे) ७५ मि.मी. लांबीचे दोन जबडे आणि एम ६ चे, म्हणजे ६ मि.मी. व्यासाचे, दोन स्क्रू, बस्स. एका जबड्यात दोन भोकं, दोन्हींना आटे. दुसऱ्यात एक आरपार मोकळं भोक आणि शेपटीकडे एक उथळ खळगा. भोकांची जागा चोचीपासून, म्हणजे पकडणाऱ्या टोकापासून, ३५ आणि ६५ मि.मी. मधला स्क्रू मोकळ्या भोकातून जाऊन समोरच्या आट्यांत बसतो आणि जबडे एकमेकांकडे ओढतो. मागचा स्क्रू आट्यांतून येऊन खळग्यात टेकतो आणि शेपटी फाकवतो, त्यामुळे चोच आवळते. तयार क्लॅम्प बाजारात मिळतो, हे खरं. पण कापणं, कानस, आखणी, भोक आणि आटे ही पाचही कामं यात येतात, आणि प्रत्येक काम आधीच्या कामाची झडती घेतं.

तर टॅप. भोकाचं माप काढायला तक्ता लागत नाही. व्यासातून पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, वजा करायचा. एम ६ चा पिच १, म्हणून भोक ५ मि.मी. एम ५ चा पिच ०.८, म्हणून ४.२. एम ८ चा १.२५, म्हणून ६.७५, बिट ६.८ चा. डबीत ५ चा बिट सापडत नाही म्हणून ४.८ वर भागवणं ही टॅप मोडण्याची सरळ वाट आहे. हिशेब असा: ५ मि.मी.च्या भोकात आटे पूर्ण उंचीच्या साधारण ७७ टक्के भरतात, ४.८ मध्ये ९२ टक्के, ५.२ मध्ये ६२. आटे जितके भरतील तितका टॅपवरचा भार चढतो, आणि तो सरळ रेषेत नाही, झपाट्याने चढतो. आपल्या जबड्यात आटे १२ मि.मी. खोल आहेत. एम ६ च्या स्क्रूला पोलादात ६ मि.मी. पकड पुरते. म्हणजे ताकद गरजेच्या दुप्पट आहे, तेव्हा हाताने टॅप मारणाऱ्याने इथे खुशाल ५.१ किंवा ५.२ चं भोक पाडावं. पुस्तकी मापाचा हट्ट धरून पुस्तकाला काही होत नाही, टॅप मात्र जातो.

हँड टॅपचा सेट तीन नगांचा असतो. बऱ्याच सेटमध्ये दांड्यावर एक रिंग असते तो पहिला, दोन रिंगांचा दुसरा, रिंग नसलेला शेवटचा. अशा सेटमधले पहिले दोन टॅप मुद्दामच मापाने लहान ठेवलेले असतात. पहिला टॅप आरपार गेला की काम झालं असं समजून स्क्रू घालायला गेलं तर तो दोन फेऱ्यांत अडतो. मग पाना लावून दाबला की आटे फाटतात. तिन्ही टॅप क्रमाने फिरवायचे.

टॅप सरळ लागला की नाही हे पहिल्या दोन फेऱ्यांत ठरतं. दोन फेऱ्यांनंतर हँडल काढून गुण्या लावून बघायचा, एकदा समोरून, एकदा बाजूने. तीन-चार फेऱ्या झाल्यावर कल दिसला आणि हँडल आडवं दाबून तो सुधारायला गेलं की टॅप गेलाच. सोपी युक्ती अशी की ड्रिल स्टँड असेल तर भोक पाडल्यावर जॉब (ज्याच्यावर काम चाललंय तो तुकडा) न हलवता चकमधून बिट काढायचा, त्याच जागी टॅप धरायचा, मशीनचा प्लग भिंतीतून उपटायचा आणि चक हाताने फिरवत पहिल्या तीन फेऱ्या द्यायच्या. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. स्टँड नसेल तर २० मि.मी. जाडीच्या तुकड्यात ६.२ चं सरळ भोक एकदाच कुणा लेथवाल्याकडून पाडून घ्यावं आणि टॅपला वाट दाखवायला तो तुकडा वापरावा.

पुढे अर्धी फेरी, मागे पाव फेरी. मागे फिरवताना कीस तुटल्याची हलकी कट् बोटांना लागते. ती लागेपर्यंत मागे यायचं. एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, तेल हवंच. कटिंग ऑइल नसेल तर शिलाई मशीनच्या तेलापेक्षा घरातलं शेंगदाण्याचं तेल बरं चालतं, फक्त नंतर पुसून काढावं, कारण वाळलं की त्याचा चिकट थर होतो. ॲल्युमिनियमला रॉकेल. बीड (ओतीव लोखंड) आणि पितळ कोरडंच. हँडल लहान घ्यावं: एम ६ च्या टॅपला हातभर लांबीचं हँडल लावलं तर बोटांना काही कळायच्या आत टॅपला पीळ बसलेला असतो.

आणि मोडलाच तर? ॲल्युमिनियम किंवा पितळेच्या जॉबमध्ये मोडला असेल तर तुरटीच्या गरम, दाट द्रावणात जॉब बुडवून ठेवता येतो. पोलादाचा टॅप सावकाश विरघळतो, जॉब शाबूत राहतो. भांडं लोखंडी नको. आपला क्लॅम्प मात्र लोखंडाचाच, तिथे तुरटी जॉबही खाईल. टॅप साध्या कार्बन स्टीलचा असेल तर लाल तापवून राखेत सावकाश थंड केल्यावर मऊ पडतो आणि त्यात भोक पाडता येतं. एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) असेल तर घरच्या साधनांनी तोही मार्ग बंद. पण १२ मि.मी. चौरस बार मीटरला सुमारे १.१३ किलो भरतो, म्हणजे आपला तुकडा ९० ग्रॅमचाही नाही. तो टाकावा आणि नवा कापावा. मोडका टॅप ठोकून काढण्यात रविवार घालवू नये. टॅपचे टवके डोळ्यात जातात ते वेगळंच.

आता एक पायरी मागे. टॅप वाकडा गेला तो बऱ्याचदा भोकच वाकडं असल्यामुळे. भोक वाकडं का? हातात धरलेल्या ड्रिल मशीनने दोन्ही जबडे मिळून २४ मि.मी. खोल सरळ भोक पाडणं सरावलेल्या फिटरलाही जड जातं. साधा ड्रिल स्टँड हवाच, आणि त्यातही जॉब धरायला ड्रिल व्हाइस. बिट आरपार निघताना शेवटच्या क्षणी धार जॉबला पकडते आणि फिरवते. चौरस बार फिरला तर बोटं ठेचतात, पत्रा फिरला तर बोटं कापतात. हातमोजे घालून ड्रिल चालवणं ही तर सुरक्षिततेच्या नावाखाली केली जाणारी सर्वांत धोक्याची गोष्ट: मोजा बिटला गुंडाळतो आणि हात ओढून नेतो. चष्मा घाला, मोजे काढा, बाह्या दुमडा.

वेगाचं गणित फारसं कुणी करत नाही. एचएसएस बिटला एमएसमध्ये मिनिटाला २५ मीटरच्या आसपास कापण्याचा वेग मानवतो. ५ मि.मी.च्या बिटला ते मिनिटाला सुमारे १६०० फेरे होतात, ६.५ ला १२००, १० ला ८००. हातड्रिलचा पूर्ण वेग अनेकदा २५०० च्या वर असतो. ट्रिगर शेवटपर्यंत दाबून १० चं भोक पाडलं की बिटचे बाहेरचे कोपरे निळे पडतात, धार जाते, आणि मग माणूस जोर वाढवतो. जोर वाढवून बिट कापत नाही, घासतो.

बिटची धार बघायची खूण किसात आहे. दोन्ही खोबणींतून सारख्या जाडीच्या दोन वेटोळ्या वर येत असतील तर दोन्ही धारा कामाला लागल्या आहेत. एकाच बाजूने कीस येत असेल तर एक धार लांब आहे, आणि अशा बिटचं भोक मापापेक्षा मोठं पडतं. ५ चा बिट ५.३ चं भोक पाडू शकतो. ग्राइंडरवर हाताने धार लावलेला बिट आधी भंगार तुकड्यावर चालवून, भोक व्हर्निअरने मोजून मगच जॉबला लावावा.

बिट सरकणं ही निराळी चूक, आणि ती पंचची, म्हणजे भोकाच्या जागी ठसा ठोकायच्या टोकदार हत्याराची, असते. बिटच्या टोकाला खरं तर टोक नसतं, मध्ये एक आडवी बोथट कड असते. ५ च्या बिटला ती १ मि.मी.च्या आसपास. पंचचा खड्डा तिच्यापेक्षा लहान असेल तर कड खड्ड्याच्या काठावर नाचते आणि बिट सोयीची वाट धरतो. म्हणून आधी ६० अंशाच्या टोकदार पंचने रेषांच्या छेदावर हलका ठसा, भिंगाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून तपासणं, आणि मग ९० अंशाच्या सेंटर पंचने एक सणसणीत ठोका. ठसा सरकला असेल तर पंच तिरका धरून तो रेषेकडे ओढून आणता येतो. मोठा ठोका बसल्यावर ही संधी उरत नाही. आपल्या जबड्यात भोकाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ३ मि.मी. धातू उरतो. अर्ध्या मि.मी.ची चूक नुसत्या डोळ्यांना दिसते.

दोन्ही जबडे एकत्र बांधून भोकं पाडावीत, म्हणजे ती एकमेकांसमोर येतात. पण इथेच या क्लॅम्पची ठरलेली फसगत आहे. मधलं भोक दोन्हींतून आरपार, मागचं मात्र नाही. आट्यांचा जबडा वर ठेवायचा, आणि मागचं भोक वरच्यातून १२ मि.मी. पार करून खालच्यात फक्त ३ मि.मी. उतरवायचं. ५ च्या बिटचं निमुळतं टोक स्वतःच दीड मि.मी. असतं, ते धरून स्टँडचा डेप्थ स्टॉप साडेसोळावर लावायचा. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खूण करतात ती किसाने उडून जाते. हात चालू राहिला आणि खालचाही आरपार झाला, तर मागच्या स्क्रूला टेकायला जागाच नाही. तो जबडा बाद. एकत्र बांधलेले जबडे सोडल्यावर साध्या जबड्यातलं मधलं भोक ६.५ करायचं, आणि खळगाही ६.५ च्याच बिटने ४ मि.मी. खोल. मोकळं भोक काटेकोर ६ चं ठेवलं तर जबडे जरा तिरपे होताच स्क्रू अडकतो. खोल भोकात दर ५ मि.मी.ला बिट वर काढून कीस झटकावा. नंतर प्रत्येक भोकाच्या तोंडावर मोठा बिट हाताने फिरवून कड मोडावी. कड न मोडलेल्या भोकात टॅप सरळ बसतच नाही.

आखणीबद्दल थोडक्यात. चकचकीत बारवर स्क्रायबरची रेघ दिसत नाही, म्हणून मोरचुदाचं पाणी फासायचं. पोलादावर तांब्याचा पातळ थर बसतो आणि त्यावर रेघ लखलखीत उठते. आधी तेलाचा अंश पुसून घ्यावा, नाहीतर थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो. जाड मार्कर पेनही चालतं. पेन्सिल नको, पेन्सिलची रेघच अर्धा मि.मी. जाड. सगळी मापं चोचीच्या एकाच कडेपासून घ्यावीत: ३५ आणि ६५. आधी ३५ आणि मग तिथून पुढे ३० असं मोजत गेलं की पहिल्या मापाची चूक दुसऱ्याच्या अंगावर पडते. दोन्ही जबड्यांवर जोडीची खूण पंचने ठोकून ठेवा, कोणती बाजू आत हेही.

पण ज्या कडेपासून मोजायचं ती कडच गुण्यात नसेल तर? इथे आपण कानशीपाशी येतो, आणि खरं सांगायचं तर नवशिक्यांनी आपला बराचसा वेळ इथेच घालवावा. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना महिनोन्महिने कानस मारायला लावतात ते उगाच नाही.

सपाट करायला घेतलेली बाजू मधे फुगते ही सगळ्यांची पहिली अडचण. कानस पुढे जाताना आधी मुठीकडचा हात जड, शेवटी टोकाकडचा. सी-सॉसारखी झुलत झुलत ती दोन्ही कडा जास्त खाते. उपाय हातांच्या दाबात आहे: सुरुवातीला टोकावरच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी मुठीचा जास्त. व्हाइसची उंची कोपराच्या पातळीला हवी. जेवणाच्या टेबलावर बसवलेला व्हाइस फार खाली येतो, खांदे वाकतात आणि झोका वाढतो. टेबल हलतं का हेही बघा; हलकं असेल तर भिंतीला बांधा किंवा खाली वाळूची पोती ठेवा. हलणारं टेबल कानशीखाली थरथरतं आणि जॉबवर लाटा उठतात.

कानस पुढे जाताना कापते. मागे ओढताना दाब ठेवला तर दाते बोथटतात. १० इंची बास्टर्डने (जाड दात्यांच्या कानशीने) सुरुवात, ८ इंची सेकंड कटने (मध्यम) मापापर्यंत, ६ इंची स्मूथने (बारीक) शेवटचा हात. दात्यांत अडकलेला धातूचा कण जॉबवर खोल ओरखडा काढतो. म्हणून स्मूथ कानशीवर आधी शाळेतला पांढरा खडू घासायचा, म्हणजे कण रुतत नाहीत, आणि दर दहा-पंधरा हातांनी तारेच्या ब्रशने दात्यांच्या दिशेने झाडायचं. कानशीला तेल लावू नये, ती घसरते. आणि कापलेल्या जागेवर बोट फिरवून बघायचा मोह आवरा: बोटाचा तेलकटपणा पुरतो, पुढचा हात तिथेच सरकतो.

तपासणी उजेडासमोर. गुण्या जॉबला लावून खिडकीकडे धरला की केसाएवढी फटही चमकते. दर पाच-सहा हातांनी बघावं. एक बाजू आधी सपाट, मग तिच्याशी काटकोनात टोक. दोन्ही टोकं आळीपाळीने दुरुस्त करत बसलं की ७५ चा जबडा ७२ चा कधी झाला हे कळत नाही. म्हणूनच तुकडा ७८ चा कापायचा. व्हाइसच्या दातेरी जबड्यांवर ॲल्युमिनियमचे अँगल घाला, नाहीतर घासून चकचकीत केलेल्या बाजूवर दात्यांची नक्षी उमटते.

चोचीचा बाहेरचा उतार, म्हणजे शेवटचे २५ मि.मी. जाडी १२ वरून ४ वर आणणं, हे सगळ्यात शेवटी. दिसायला छान म्हणून तो आधी केला की जॉब व्हाइसमध्ये समांतर धरताच येत नाही, आणि तिथून पुढे प्रत्येक भोक तिरकं.

हॅकसॉचं काम दोन वाक्यांत संपलं असतं, पण एक चूक सांगायलाच हवी. पातं अर्ध्या कापात तुटलं की लोक नवं पातं त्याच फटीत घालतात. जुन्या पात्याचे दाते झिजून फट अरुंद झालेली असते, नव्याचे फाकलेले दाते तिच्यात अडकतात, आणि दुसरंही पातं तुटतं. जॉब उलटा करून दुसऱ्या बाजूने नवा काप सुरू करावा. १२ च्या बारला इंचाला २४ दाते. पातळ नळीला ३२, कारण कापात एका वेळी किमान तीन दाते टेकलेले हवेत. दाते पुढच्या दिशेला, आणि मिनिटाला चाळीस-पन्नास हातांहून जास्त नको.

शेवटी माल. बांधकामावरून आणलेली टीएमटी सळई या कामाला अगदी निकामी. कारखान्यात ती लाल असतानाच पाण्याने झटकन थंड करतात, म्हणून बाहेरचं कवच कडक आणि गाभा मऊ राहतो. कानस वर घसरते आणि बिट आत जाताच धसतो. काळा बार चालतो, पण त्याच्यावरची खपली कानशीचे दाते खाते, ती आधी जुन्या कानशीने किंवा ग्राइंडरने काढावी. ब्राइट बार सगळ्यात सोयीचा. भोसरी, अंबड किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्यांकडे १२ चौरसचे हातभर तुकडे भंगाराच्या ढिगात पडलेले असतात, वजनावर मिळतात. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा मोहात पाडतो. मऊ केल्याशिवाय त्यात भोक पडत नाही. गॅल्व्हनाइझ्ड पाइप घासायला ठीक, तापवायला मुळीच नको: जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

जबड्यांना पाणी द्यावं का, असं हमखास विचारलं जातं. एमएसमध्ये कार्बन पाव टक्क्याच्याही आत असतो. लाल करून पाण्यात बुडवलं तरी विळ्यासारखं कडक होत नाही, नुसतं काळं पडतं.

स्क्रू घेताना दुकानदाराला 'फुल थ्रेड' सांगा. एम ६ चा ५० मि.मी. लांब साधा एलन बोल्ट फक्त २४ मि.मी. आट्यांचा असतो; उरलेला २६ मि.मी. दांडा गुळगुळीत. तो मधे लावला तर १२ मि.मी.चा जबडा वजा जाता क्लॅम्प १४ मि.मी.पेक्षा जवळ आवळतच नाही, आणि मग सगळी भोकं पुन्हा मोजत बसायची वेळ येते. मागच्या स्क्रूच्या टोकाचे शेवटचे ३ मि.मी. आटे कानशीने उतरवून व्यास साडेचारवर आणा आणि टोक गोलसर करा. तसंच ठेवलं तर आवळून आवळून टोक चेपून फुलतं आणि स्क्रू आट्यांतून मागे निघेनासा होतो.

पावसाळ्यात घासलेला पृष्ठभाग एका रात्रीत तांबूस होतो, त्यातही घामट बोटांचे ठसे आधी उमटतात; रात्री तेलाचा बोळा फिरवून ठेवा. कानशींना तेल चालत नाही, म्हणून त्या कोरड्या कागदात एकेक गुंडाळून. एकीवर एक टाकल्या की एकमेकींचे दाते मोडतात.

क्लॅम्प लावताना मधल्या स्क्रूने आधी जबडे जॉबवर समांतर आणायचे, मग मागच्या स्क्रूने आवळायचं. उलटं केलं तर फक्त चोचीचं टोक टेकतं आणि जॉब निसटतो. असे क्लॅम्प जोडीने लागतात. दुसऱ्याचे जबडे भोकं पाडायला एकत्र बांधताना हा पहिला कामी येतो.